जन्माचा रकाना

माझी धाकटी बहीण फॉर्म भरते ते बघण्यासारखं असतं. आधी ती सगळा फॉर्म शेवटच्या पानापासून पहिल्यापर्यंत उलटा वाचते, कारण तिच्या मते लोकांना खरं काय विचारायचंय ते शेवटी लपवलेलं असतं. मग पर्समधून स्वतःचं पेन काढते. काउंटरवरच्या दोरी बांधलेल्या पेनवर तिचा विश्वास नाही. एकदा लिहायला लागली की खाडाखोड नाही, कुणाला विचारणं नाही. तिच्या मुलीला ऑटिझम आहे. मुलगी आता अकरा वर्षांची झाली, आणि या अकरा वर्षांत बहिणीनं इतके फॉर्म भरलेत की एखाद्या ऑफिसातल्या बाबूनं तिच्यापुढे हात टेकावेत. बालरोगतज्ज्ञाचे, कानाच्या तपासणीचे, बोलायला शिकवणाऱ्या बाईंचे, तीन शाळांचे, सर्टिफिकेटचे.

प्रत्येक फॉर्ममध्ये एक रकाना असतोच असतो. जन्माच्या वेळी काही गुंतागुंत झाली होती का? असल्यास लिहा. बहीण तिथं नेहमी तेच लिहिते. ‘पाणी सकाळी गेलं. दवाखान्यात पोचायला उशीर झाला. बाळ उशिरा रडलं. पाच दिवस काचेच्या पेटीत होतं.’ चार वाक्यं, चारही खरी. मी शेजारी बसलेली असते आणि दर वेळी माझा जीव टांगणीला लागतो, कारण पाचवं वाक्य फक्त आम्हा दोघींना माहीत आहे. मोठी बहीण थांब म्हणाली, हे ते वाक्य. ते तिनं कधी लिहिलं नाही आणि कधी तोंडानंही काढलं नाही. शिवी म्हणून नाही, माफी म्हणून नाही. मी मात्र अकरा वर्षं त्या एका वाक्याची वाट बघत होते.

मी नर्स. एकतीस वर्षं बाळंतपणाच्या खोलीत काढली, रिटायर होऊन दोन वर्षं झाली. स्वभावानं तापट आहे आणि त्याहून वाईट म्हणजे मला सगळं माहीत असतं. आमच्याकडे कुणाला साधी शिंक आली तरी ‘ताईले विचारा’ व्हायचं, आणि कुणी विचारायच्या आत मी सांगून मोकळी झालेली असायचे. नवे डॉक्टर मला दबकून असत. खेड्यावरून उशिरा आणलेल्या बायका तर माझ्या तोंडाला फार घाबरायच्या. ‘पाणी गेलं तेव्हा काय करून राहिल्या होत्या? पापड लाटत होत्या का?’ असं मी भर कॉरिडॉरमध्ये ओरडायचे. त्यांच्या सासवांनाही सोडायचे नाही. पाणी गेलं की घरी थांबायचं नाही, कळा असोत की नसोत, चहा प्यायलासुद्धा थांबायचं नाही, हे मी किती बायकांना सांगितलं असेल त्याची मोजदाद नाही. आणि सख्ख्या बहिणीला हेच सांगायची वेळ आली तेव्हा मी तिला थांबवलं.

आमची आई लवकर गेली. त्यामुळे बहिणीचं माहेर म्हणजे मीच. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून पोळा झाला की तिनं माझ्याकडे यायचं असं ठरलं होतं. तारखेला अजून नऊ दिवस होते. पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला तिचा फोन आला.

पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे नागपुरात मारबतीचा दिवस. काळी मारबत, पिवळी मारबत, त्यांच्यामागे बडग्यांचे पुतळे, ढोलताशे आणि सगळं जग रस्त्यावर. गावातली रोगराई, खोकला, महागाई, जे जे नको ते ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणत मारबतीच्या पाठीशी बांधायचं आणि तिला शिवेबाहेर नेऊन जाळायचं. बहिणीचं सासर इतवारीत, खाली भांड्यांचं ठोक दुकान आणि वर घर, मिरवणुकीच्या अगदी तोंडाशी. फोनवर मला तिच्या आवाजापेक्षा ढोलच जास्त ऐकू येत होता.

‘‘ताई, पाणी गेल्यासारखं वाटून राहिलं.’’

‘‘रंग कसा आहे?’’

‘‘पांढरंच आहे. कळा थोड्या थोड्या आहेत. मागच्या गल्लीत नर्सिंग होम आहे, तिथं जाऊ का? हे म्हणतात, दहा मिनिटांत पायी पोचतो.’’

हे तिनं विचारलं होतं. तिला जायचं होतं, तिचा नवरा, आमचे जावई, न्यायला तयार होते, आणि मागच्या गल्लीत गर्दी नव्हती.

मी म्हटलं, ‘‘पहिलटकरीण आहेस, वेळ लागते. मिरवणूक जाऊ दे, धक्काबुक्कीत नको निघू. दोन वाजता माझी ड्युटी लागते, तवा माझ्याकडंच ये. माझ्या हातानं करते तुझं.’’

गर्दीची भीती होती, ती खोटी नव्हती. पण खरं कारण शेवटच्या वाक्यात होतं. वीस-बावीस वर्षं लोकांची बाळं मी हातात झेलली होती, आणि माझ्याच बहिणीचं बाळ कुठल्या परक्या सिस्टरनं झेलावं हे मला सहन होईना. माझं टेबल, माझी पाळी, माझ्या हाताखालच्या पोरींसमोर माझी भाची. या मिजाशीपायी मी तिला पाच तास घरात बसवून ठेवलं. ती बसली, कारण ताई म्हणाली होती.

मिरवणूक त्या वर्षी काही केल्या सरेना. ऑटो मिळेपर्यंत दीड वाजला, माझ्याकडे पोचेपर्यंत सव्वादोन. मी तपासलं तेव्हा पाणी हिरवं झालं होतं. बाळानं पोटातच शी केली की पाणी असं होतं, आणि ते नाकातोंडात गेलं तर बाळ गुदमरतं. त्यानंतर सगळं फार भराभर झालं. बाळ माझ्याच हातात आलं, जसं मला हवं होतं तसंच. निळसर, ढिलं, गप्प. बाळ बाहेर आलं की त्या खोलीत एकच प्रश्न असतो, रडलं का. मुलगा की मुलगी हे नंतर. बहिणीनं टेबलावरून तोच प्रश्न विचारला आणि मी उत्तर दिलं नाही. नळीनं घसा साफ केला, पाठ चोळली, डॉक्टरांनी श्वास दिला. समोर घड्याळ होतं. चौथं मिनिट संपता संपता ती रडली, तेही मांजरीच्या पिलासारखं.

पाच दिवसांनी पेटीतून बाहेर काढली. दूध ओढू लागली, वजन धरू लागली. सगळे म्हणाले, सुटली पोरगी. मीही म्हटलं.

दीड वर्षाची झाली तरी ती हाक मारल्यावर बघायची नाही. दुकानात जमिनीवर डब्याचं झाकण गरगरलं की मात्र मान वळायची, म्हणजे कान शाबूत होते. बोट दाखवून काही मागायची नाही. आईचा हात धरायची आणि तो हात डब्यावर नेऊन ठेवायची, जणू हात म्हणजे एक पक्कड. मला कळत होतं. मी बोलले नाही, ही माझी दुसरी चूक. बहीणच एक दिवस म्हणाली, ‘‘ताई, ही वेगळी आहे. चल, दाखवून येऊ.’’ तीन वर्षांची होता होता डॉक्टरांनी नाव सांगितलं. मराठीत स्वमग्न म्हणतात असंही सांगितलं. तो शब्द बहिणीनं कधी वापरला नाही. बाहेर आल्यावर म्हणाली, ‘‘स्वतःत मग्न तर तू असते वं ताई, ही तर भांड्यांत असते.’’ आणि चक्क हसली. मला तिचा इतका राग आला! हिला काही कळलंच नाही की काय? मग दिसलं की तिनं पोरीचा हात इतका घट्ट धरलाय की स्वतःच्या बोटांची पेरं पांढरी पडलीत.

सासूबाईंचं निदान वेगळं होतं. पोरगी काळ्या मारबतीच्या दिवशी जन्मली, इडापिडा हिच्या अंगावर राहून गेली. बहिणीनं हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली, ‘‘आई, मारबत घेऊन जाते. ठेवून नाही जात.’’ सासूबाई पुढं कधीच ते बोलल्या नाहीत. उलट आता नातीच्या वाट्याला गेलेल्या माणसाचं त्यांच्यापुढे काही खरं नसतं.

माझ्या बहिणीचं कौतुक करायचं म्हटलं तर कुठून सुरू करू हा प्रश्न आहे, आणि ती हे वाचेल या भीतीनं मी थोडक्यातच सांगते. इतवारीतल्या त्या गल्लीत आवाजाला सुमार नाही. हातठेल्यांवरून गंज, गुंड, पराती अशी मोठाली भांडी उतरतात ती आदळतच. पोरीला ते सोसवायचं नाही. कान दाबून जमिनीवर पडायची, डोकं आपटायची. लोक म्हणाले, वरच ठेवा तिला, खाली आणू नका. बहिणीनं एक दिवस एका ठेलेवाल्याला हसत हसत जवळ बोलावलं आणि त्याच्या कानाशी परातीवर झारा हाणला. तो दोन पावलं मागं सरकला.

‘‘काय करून राहिल्या, वहिनी!’’

‘‘तिले दिवसभर असं होते, भाऊ,’’ ती म्हणाली. ‘‘आता तुम्हीच सांगा काय करायचं ते.’’

त्यांनीच ठरवलं. तेव्हापासून त्या गल्लीत माल उतरताना खाली जुनी पोती अंथरतात. पोरगी अकरा ते एक दुकानात असते, त्या वेळात तर ठेलेवाले परात अशी ठेवतात की जणू तिच्यात झोपलेलं मूल आहे. समोरचा दुकानदार, जो सख्ख्या भावाशी वीस वर्षं बोलत नाही, तोही गिऱ्हाइकाला ‘हळू, हळू’ म्हणून हातानं खुणावतो. मी हे माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

फ्रॉकचं एक बटण लावायला शिकवायला तिला सात महिने लागले. सात महिने, एक बटण. बाथरूमच्या भिंतीवर दात घासण्याचे नऊ फोटो चिकटवले आहेत, ब्रश हातात घेण्यापासून तोंड पुसण्यापर्यंत. फोटोतले हात जावयांचे. मी एकदा म्हटलं, ‘‘बाप्पा, सात महिने!’’ तर म्हणाली, ‘‘तुले नऊवारी नेसायला किती वर्षं लागली? अजून येते का?’’ एका शाळेनं ‘आमच्याकडे जमणार नाही’ म्हटलं तेव्हा ही रोज सकाळी शाळेच्या फाटकाशी स्टूल टाकून बसली. भांडली नाही, रडली नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या बाईंना नमस्कार करायची. अठराव्या दिवशी त्यांनी आत बोलावलं. माझ्यासारखी असती तर पहिल्याच दिवशी आरडाओरडा करून घरी आली असती.

हे सगळं मी बघत होते आणि प्रत्येक गोष्ट मला टोचत होती. सात महिने म्हटलं की मनात यायचं, हे सात महिने माझ्यामुळे. स्टूल टाकून बसली, माझ्यामुळे. मारबतीच्या दिवशी ढोल सुरू व्हायच्या आत ती पोरीला स्कूटरवर घेऊन माझ्याकडे यायची, दिवसभर थांबायची. म्हणजे पोरीचा वाढदिवस दर वर्षी माझ्याच घरी. मी दर वर्षी साजूक तुपातला शिरा करायचे. पोरगी दर वर्षी वाटी बाजूला सारायची. आणि मी दर वर्षी त्याचा अर्थ लावत बसायचे.

एकदा मी बहिणीला न सांगता, पोरीचं निदान केलेल्या डॉक्टरीणबाईंकडे एकटी गेले. माझ्या निम्म्या वयाच्या असतील. मी ताठ बसून, नर्सनं डॉक्टरला विचारावं तसं विचारलं, की जन्मतः चार मिनिटं श्वास नसला तर पुढं ऑटिझम होतो का. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. माझा प्रश्न कुठून येतोय ते त्यांना कळलं असावं.

‘‘बाळंतपण अवघड झालेल्या मुलांमध्ये ऑटिझम थोडा जास्त दिसतो, हे खरं आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण जास्त दिसणं म्हणजे त्यामुळेच होणं नव्हे. उशिरा रडलेली बहुतेक मुलं इतर मुलांसारखीच वाढतात, तुम्ही तर अशी कितीतरी बघितली असतील. आणि माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी मुलांचा जन्म अगदी सुरळीत झालेला असतो. रक्तातून येणाऱ्या गोष्टींचा वाटा मोठा आहे. काही वेळा असंही असू शकतं की बाळ पोटात असल्यापासूनच वेगळं घडत होतं, आणि म्हणूनच त्याला जन्मताना त्रास झाला. म्हणजे आपण ज्याला कारण म्हणतो तो परिणामही असू शकतो. एका मुलीपुरतं बोट ठेवून कुणीच सांगू शकत नाही.’’

‘‘म्हणजे झालंही असेल आणि नसेलही.’’

‘‘हो. पाणी गेल्यावर थांबू नये, हे मात्र तुम्हाला मी सांगायला नको.’’

मी उठले. शिक्षाही मिळाली नाही आणि सुटकाही नाही. एखाद्यानं फाडकन सांगितलं असतं की बाई, तुमच्यामुळेच, तर मी ते घेऊन कुठंतरी बसले असते. हे ‘असेलही आणि नसेलही’ घेऊन माणसानं कुठं बसावं ते मला कळेना. म्हणून मी पुन्हा बहिणीच्याच तोंडाकडे बघू लागले. डॉक्टर सांगत नाही तर तिनं सांगावं.

यंदा दिवाळीनंतर आम्ही तिघी एका नव्या केंद्रात गेलो. मोठ्या मुलींना तिथं हाताची कामं शिकवतात. बाकावर बसलो, फॉर्म मिळाला, बहिणीनं पर्समध्ये हात घातला आणि कपाळावर मारला.

‘‘चष्मा दुकानात राहिला. तू लिही वं ताई. मी हिले बाथरूमला नेऊन आणते.’’

तिचं पेन माझ्या हातात आलं. नाव, पत्ता, वय लिहिलं. मग तो रकाना आला. अकरा वर्षांत पहिल्यांदा तो रकाना आणि पेन दोन्ही माझ्या ताब्यात होते. मी चार वाक्यं लिहिली, तिची, पाठ असलेली. आणि खाली लिहिलं, ‘पाणी गेल्यावर जवळच्या नर्सिंग होममध्ये जायची तयारी होती. नर्स असलेल्या मोठ्या बहिणीने थांबायला सांगितले. स्वतःच्या ड्युटीवर बाळंतपण व्हावे म्हणून.’ लिहिताना अक्षर अगदी सुरेख आलं. एकतीस वर्षं चार्ट भरल्याची सवय.

त्या दोघी परत आल्या. बहिणीनं फॉर्म घेतला, हात लांब करून, डोळे बारीक करून वाचला. शेवटपासून सुरुवातीपर्यंत. मग पुन्हा तो रकाना. मी काही बोलणार एवढ्यात तिनं हात वर केला.

‘‘हे काय लिहिलं?’’

‘‘खरं लिहिलं.’’

‘‘मले काय माहीत नव्हतं का? फोन तर मीच केला होता तुले. तू बोलली, मी ऐकलं. अकरा वर्षांनी मलेच लेखी कळवून राहिली?’’

‘‘मग तू कधी बोलली काहून नाही? एकदा तरी शिव्या द्यायच्या.’’

‘‘दिल्या ना. मनात.’’ ती बाकावर टेकली. ‘‘पहिलं वर्ष लई राग होता तुहा. दोन महिने तुह्या हातचं खाल्लं नाही मी, आठवते? पथ्य आहे म्हणायची. पथ्यबिथ्य काही नव्हतं.’’

मला आठवत होतं. मी डब्यातून मेथीचे लाडू पाठवायचे आणि डबा तसाच परत यायचा. मला वाटायचं, तिला गोड सोसत नाही.

‘‘मग राग गेला कसा?’’

‘‘गेला नाही, मी सोडला. रोज सकाळी हिच्या तोंडाकडं पाहायचं आणि म्हणायचं की ताईनं थांबवलं नसतं तर तू अशी नसती. म्हणजे काय, तर अशी नसती तर बरं झालं असतं. हिच्या तोंडावर, रोज, दात घासता घासता! मले जमलं नाही ते.’’ तिचा आवाज चढला. काउंटरवरच्या बाईंनी वर बघितलं. ‘‘तुले माफी पाहिजे, मले कळते. अकरा वर्षांपासून तू माह्या तोंडाकडं पाहून राहिली. पण माफी द्यायची तर आधी म्हणावं लागते का ही पोट्टी कोणाची तरी चूक आहे. ते मी नाही म्हणणार. तू मेली तरी नाही म्हणणार.’’

मी रडायला लागले. त्या केंद्रात, बाकावर, लोकांसमोर, जिनं बायकांना ‘रडू नका, जोर लावा’ असं आयुष्यभर बजावलं तीच मी. बहिणीनं मला उगी केलं नाही.

‘‘आणि एक सांग,’’ ती म्हणाली. ‘‘दर मारबतीला मी हिले तुह्याकडं आणते. तू हिले भेटते का तुह्या चुकीले?’’

पोरगी आमच्यामध्ये बसली होती आणि खिडकीतून येणाऱ्या उन्हाच्या पट्टीत बोटं हलवत होती, पुढं-मागं, पुढं-मागं. बहिणीनं उठून काउंटरवरून दुसरा फॉर्म आणला. पहिला चारदा दुमडून पर्समध्ये टाकला. मला वाटलं, फाडेल. फाडला नाही.

‘‘लिही. चार वाक्यं. पाचवं नको.’’

मी लिहिलं. पान उलटलं. पुढचा रकाना होता: मुलीला काय आवडतं, काय आवडत नाही, ते घरच्यांनी लिहावं.

आणि माझं पेन थांबलं. तिचं जन्माचं वजन मला माहीत होतं. ती कितव्या मिनिटाला रडली, पेटीत कितव्या दिवशी पहिलं दूध पचलं, नाळ किती वाजता पडली, सगळं तोंडपाठ. पण तिला काय आवडतं? भांडी आवडतात, हे तर गल्लीतला कुत्राही सांगेल. कुठली भाजी? कुठला रंग? कशाला घाबरते, कशानं शांत होते? मी तिची मावशी, आणि जन्मानंतरच्या सातव्या दिवसापासून पुढं मला काहीच माहीत नव्हतं.

‘‘काय लिहू?’’ मी विचारलं.

‘‘मी नाही सांगणार,’’ बहीण म्हणाली. ‘‘अकरा वर्षं शिरा करून राहिली तू. तिनं एकदा तरी खाल्ला का? एकदा तरी विचारलं का, मग काय पाहिजे? उद्यापासून दुकानात ये, अकराला. बस तिच्याजवळ. फॉर्म द्यायला आठ दिवस आहेत.’’

दुसऱ्या दिवशी मी गेले. पहिले दोन दिवस मी शिस्तीत बोलत बसले. हे बघ पातेलं, ही बघ वाटी, मावशीकडं बघ, मावशीला दे. ती उठून दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसायची. मी मागोमाग जायचे, की ती तिसऱ्या कोपऱ्यात. जावई गल्ल्यावर बसून मिशीत हसत होते. तिसऱ्या दिवशी घसा बसला म्हणून मी नाइलाजानं गप्प राहिले आणि भिंतीला टेकून नुसती बसले. त्या दिवशी ती जागची उठली नाही. चौथ्या दिवशी घसा बरा होता, तरी मी तोंड उघडलं नाही. मला ते किती अवघड गेलं हे माझ्या ओळखीच्या कुणालाही विचारावं. पाचव्या दिवशी तिनं एक थंडगार ताट उचललं, स्वतःच्या गालाला लावलं, डोळे मिटले. मग माझ्याकडे न बघता तेच ताट माझ्या गालाला लावलं, थोडा वेळ धरलं आणि काढून घेतलं.

आठव्या दिवशी मी फॉर्म पुरा केला. बहिणीनं चष्मा लावून उलटा वाचला, एका ठिकाणी थांबली, माझ्याकडे बघितलं आणि खाली सही केली. त्या रकान्यात मी लिहिलं होतं: ‘थंड ताट गालाला लावायला आवडतं. गरम काही हातात दिलेलं आवडत नाही. गोड आवडत नाही, कच्चं गाजर आवडतं. उन्हात बोटं हलवायला आवडतात. पाठीमागून कुणी आलेलं आवडत नाही. मावशी गप्प बसली की आवडते.’